रंगावरून जात ठरत नाही

पेणहून दक्षिणेला निघावे, नागोठणे मागे टाकावे, सुकेळीची खिंड उतरावी, की महामार्गालगत खांब लागते. पाठीशी सुरगड, पुढे कुंडलिकेचे खोरे. रस्ता रुंद करताना डोंगराचे उतार कापले गेले आणि मातीच्या उभ्या भिंती उघड्या पडल्या. कोकणात अशा भिंतींत, जुन्या बांधांत, झाडांच्या मुळांशी कधीकधी कडेला रेशमी अस्तर असलेली गोल बिळे दिसतात. रात्री विजेरी घेऊन हिंडणाऱ्या एखाद्या हौशी माणसाला बिळाच्या तोंडाशी केसाळ पाय दिसतात. मोबाइलवर छायाचित्र निघते. सकाळपर्यंत त्या प्राण्याला लॅटिन नाव मिळालेले असते, आणि बहुधा ते एकच असते : किलोब्रॅकिस फिम्ब्रिएटस. क्वचित ते हॅप्लोक्लास्टस असते, क्वचित नुसतेच ‘टॅरेंटुला, अत्यंत विषारी’.

या नामकरणामागे एक मत आहे. बिळात राहणाऱ्या टॅरेंटुलाची जात चांगल्या छायाचित्रावरून, म्हणजे रंगावरून आणि ठिकाणावरून, सांगता येते, असे ते मत. मला ते चुकीचे वाटते. पण खंडन करण्याआधी पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडला पाहिजे. दुबळा करून मांडलेला पूर्वपक्ष पाडण्यात पुरुषार्थ नाही.

पूर्वपक्षाचे म्हणणे असे. पूर्ण वाढलेल्या किलोब्रॅकिस फिम्ब्रिएटस मादीची पाठ निळसर-जांभळी झाक मारते आणि सोनेरी पोटावर काळे पट्टे असतात. असा प्राणी एकदा पाहिला की विसरत नाही. दुसरे, टॅरेंटुला उडत नाही, दूर जात नाही, मादी जन्मभर एका बिळाच्या आसपास राहते. म्हणून जातींचे प्रदेश आखूड असतात आणि गावाचे नाव कळले की शक्यता दोन-चारांवर येतात. तिसरे, प्राणी पकडून अल्कोहोलमध्ये बुडवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली चिरायचा, ही शंभर वर्षांपूर्वीची रीत आज कशाला? गावातल्या मुलाकडे सूक्ष्मदर्शक नाही, मोबाइल आहे. त्याने नाव घेऊच नये काय?

यातला एकही मुद्दा मूर्खाचा नाही. तिसरा तर मला आदरणीय वाटतो. तरीही तिन्ही मिळून जे सिद्ध करू पाहतात ते सिद्ध होत नाही. निवाडा वाचकाने करावा.

मुख्य वादाकडे वळण्याआधी एक जुना काटा काढून टाकू. बिळातला टॅरेंटुला म्हणजे वाळवंटी प्राणी, कोकणात तो कुणाच्या तरी पिंजऱ्यातून निसटलेला असणार, असे अजूनही ऐकू येते. ही चित्रपटांची आणि प्राण्यांवरच्या परदेशी वाहिन्यांची देणगी. अॅरिझोनातल्या सोनोरन वाळवंटातला अफोनोपेल्मा चाल्कोडिस हा फिकट, वाळूच्या रंगाचा टॅरेंटुला पडद्यावर इतक्या वेळा आला आहे, की बीळ आणि वाळवंट यांची गाठ डोक्यात पक्की बसली. पण बीळ हा दुष्काळावरचा उपाय आहे, दुष्काळाचा पुरावा नव्हे. टॅरेंटुलाला दोन जोड्या पुस्तकफुप्फुसे असतात आणि त्यांतून अंगातले पाणी सतत उडते. ओलावा टिकेल, तापमान हलणार नाही अशी जागा त्याला हवीच. ती जमिनीत मिळते, मग वर वाळू असो वा ओले रान. वजनाने जगातला सर्वांत मोठा मानला जाणारा कोळी, थेराफोसा ब्लॉन्डी, दक्षिण अमेरिकेतल्या भर पर्जन्यवनात बिळात राहतो. आणि कोकणाला कोरड्या ऋतूचे वावडे आहे असे कुणी सांगितले? चार महिने मुसळधार आणि मग आठ महिने तडकलेली माती, हे ज्याने एकदा वैशाखात रोह्याचे माळ पाहिले त्याला सांगावे लागत नाही.

शिवाय कागदावरचा पुरावा आहे. ब्रिटिश संग्रहालयातल्या रेजिनाल्ड इन्स पोकॉकने १८९९ आणि १९०० या दोन वर्षांत पश्चिम भारतातल्या टॅरेंटुलांची एकामागून एक वर्णने छापली. त्यांतला हॅप्लोक्लास्टस व्हॅलिडस, मूळ नाव फ्लोजिओडिस व्हॅलिडस, माथेरानचा. म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातलाच. हा प्राणी इथला आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या आधीपासून इथला आहे.

आता रंग. तर्कशास्त्राच्या पहिल्या पाठात लक्षणाचे दोष शिकवताना गाईचे उदाहरण देतात. ‘गाय म्हणजे तांबूस रंगाचा प्राणी’ असे म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. ‘गाय म्हणजे शिंगांचा प्राणी’ म्हटले तर म्हैस आत येते, ही अतिव्याप्ती. नैयायिकांनी अव्याप्तीचा दाखला म्हणून रंगच निवडला, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. कारण टॅरेंटुलाच्या बाबतीत रंगात हे दोन्ही दोष एकत्र नांदतात.

अव्याप्ती पाहा. जांभळी झाक प्रौढ मादीत, आणि तीही कात टाकल्यानंतरच्या काही आठवड्यांत, सर्वांत ठळक असते. पुढची कात जवळ आली की तीच मादी मळकट तपकिरी दिसू लागते. पिल्लांचा रंग वेगळा. नर तर निराळाच प्राणी वाटावा : सडपातळ, लांब पायांचा, फिका किंवा काळपट. तो प्रौढ झाला की बीळ सोडतो, मादीच्या शोधात भटकतो आणि पहिल्या पावसात घरांच्या पडव्यांत, गोठ्यांत सापडतो. एकाच जातीची मादी, नर आणि पिल्लू यांना रंगावरून तीन नावे मिळतील. वर ज्याचा उल्लेख केला त्या अॅरिझोनातल्या वाळवंटी जातीतही हेच : मादी फिकट सोनेरी, नर काळ्या पायांचा. मग रंग जातीचे लक्षण कसा?

अतिव्याप्ती त्याहून गंभीर आहे. टॅरेंटुलांचा निळा रंग हा रंगद्रव्याचा नसतो. केसांच्या आतल्या अतिसूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून तो दिसतो. २०१५ मध्ये या निळाईचा अभ्यास छापून आला. टॅरेंटुलांच्या कुळात निळा रंग किमान आठ वेळा स्वतंत्रपणे उपजला, असा त्याचा निष्कर्ष होता. आठ वेळा! दूरच्या, परस्परांशी थेट नाते नसलेल्या शाखांत. म्हणजे निळाई दिसली म्हणून नाते सिद्ध होत नाही, आणि नाते असूनही निळाई नसू शकते. त्यात प्रकाशाचा प्रश्न आहेच. रचनेतून येणारा रंग उजेडाच्या जोरावर अवलंबून असतो. मोबाइलच्या लखलखाटात जे जांभळे दिसते तेच सकाळच्या ढगाळ उजेडात राखी दिसते. छायाचित्र काढणाऱ्याने प्राण्याचा रंग टिपला की दिव्याचा?

कुणी म्हणेल, भारतीय टॅरेंटुलांच्या बाबतीत तज्ज्ञांनीही रंग वापरला आहेच की. झाडावर राहणाऱ्या पेसिलोथेरिया वंशात पायांच्या खालच्या बाजूचे पिवळे-काळे पट्टे जाती वेगळ्या करायला खरोखर उपयोगी पडतात. मान्य. पण तिथे उपयोग होतो तो पट्ट्यांच्या जागेचा, कोणत्या पायाच्या कोणत्या पेऱ्यावर पट्टा आहे याचा. नुसत्या छटेचा नव्हे. आणि तो वंश झाडांच्या ढोलीतला. आपण बोलत आहोत बिळातल्या, मातीच्या रंगाच्या, दिसायला परस्परांसारख्या प्राण्यांबद्दल. एका वंशातली सवलत दुसऱ्याला लागू करणे म्हणजे दृष्टान्ताला प्रमाण मानणे.

वाळवंटी जातीचा दाखला निघालाच आहे, तर रंगाचा दावा तिथेच तपासू. अमेरिकेतल्या अफोनोपेल्मा वंशाला विसाव्या शतकात पन्नासांहून अधिक जातींची नावे मिळाली होती. त्यांतली बरीचशी मोजक्या नमुन्यांवर आणि छटा-केसांसारख्या बदलत्या लक्षणांवर उभी होती. २०१६ मध्ये हॅमिल्टन, हेंड्रिक्सन आणि बाँड यांनी तीन हजारांहून अधिक नमुने, जनुके, मोजमापे आणि ठिकाणे एकत्र ठेवून सगळा वंश पुन्हा तपासला. उरल्या २९ जाती. त्यांतल्या १४ नव्या. जुनी बहुतेक नावे गळाली, आणि खऱ्या वेगळ्या असलेल्या जाती तोपर्यंत कुणाच्या लक्षातही आल्या नव्हत्या. हे संग्रहालयात नमुना हातात घेऊन बसलेल्या विद्वानांचे झाले. मग पाच सेकंदांच्या छायाचित्रावर किती भार टाकावा?

दूर कशाला जावे. पोकॉकचाच हेटेरोफ्रिक्टस वंश पुढे प्लेसिओफ्रिक्टसमध्ये विलीन केला गेला. प्लेसिओफ्रिक्टस ही मग एक अडगळीची खोली झाली : लहान, तपकिरी, बिळातला दिसला की टाका तिथे. २०१२ मध्ये मंजू सिलिवाल आणि रॉबर्ट रेव्हन यांनी पश्चिम घाटातल्या काही जातींसाठी निओहेटेरोफ्रिक्टस हा वेगळा वंश मांडला. २०१४ मध्ये झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांनी हेटेरोफ्रिक्टस पुन्हा उभा केला आणि त्यात एक नवी जात घातली : हेटेरोफ्रिक्टस आरेयेन्सिस. कुठली? मुंबईच्या आरे दुग्ध वसाहतीतली. लाखो माणसे ज्या वस्तीच्या कडेने रोज ये-जा करतात, तिथला बिळातला टॅरेंटुला पोकॉकनंतर शंभराहून अधिक वर्षे नाव नसलेलाच राहिला. रंगावरून तो ओळखता आला असता, तर इतकी वर्षे वाट पाहावी लागली असती का?

याच दाखल्याने दुसरा मुद्दा, ठिकाणाचा, निम्मा ढासळतो. जातींचे प्रदेश आखूड असतात हे खरे. पण त्यातून नेमका उलट निष्कर्ष निघतो. प्रदेश आखूड म्हणून शेजारच्या डोंगरावर वेगळी जात असण्याची शक्यता वाढते. सुरगडाच्या पायथ्याशी जे आढळले ते माथेरानच्या यादीत बसलेच पाहिजे, असे कोणत्या नियमाने? ठिकाणावरून शक्यता दोन-चारांवर येतात हे म्हणणे त्या दोन-चारांची यादी पूर्ण आहे असे गृहीत धरते. आरेचे उदाहरण सांगते की यादी मुंबईतही पूर्ण नव्हती. ज्या यादीत गाळलेल्या जागा आहेत, तिच्यावरून वगळावगळीने नाव काढणे हा हेत्वाभास आहे.

मग ओळखायचे कसे? इथे थोडे थांबावे लागेल, कारण खंडन करणाऱ्यावर मंडनाची जबाबदारी असते.

पहिला प्रश्न : हा टॅरेंटुला तरी आहे का? श्रावणात सकाळी गवतावर दवाने चमकणाऱ्या चादरीसारख्या जाळ्या दिसतात आणि त्यांच्या एका कोपऱ्यात नरसाळ्यासारखे भोक असते. ते बहुतेक हिप्पासा या लांडगा-कोळ्यांच्या वंशाचे काम. टॅरेंटुलाशी त्याचा संबंध नाही. लांडगा-कोळी बिळांतही राहतात. पण विजेरी डोळ्यांच्या पातळीवर धरली तर त्यांचे डोळे हिरवट चमकतात, मधल्या ओळीतले दोन डोळे ठळक मोठे असतात आणि मादी अंड्यांची पिशवी मागे चिकटवून फिरते. टॅरेंटुलाचे आठही डोळे पाठीच्या पुढच्या टोकाला एका लहान उंचवट्यावर दाटीने असतात. त्याचे विषदंत चिमट्यासारखे समोरासमोर येत नाहीत; समांतर राहून वरून खाली उतरतात.

दुसरा फसवा शेजारी म्हणजे झाकणाचा कोळी, इडिऑप्स वंशातला. याचे विषदंत टॅरेंटुलासारखेच समांतर. पण त्याच्या डोळ्यांची एक जोडी पुढे अगदी कडेला सरकलेली असते, जबड्यावर माती खणायचे काटे असतात आणि पायाला तीन नख्या. टॅरेंटुलाला दोन नख्या आणि त्यांच्याखाली दाट केसांचा गोंडा. त्याच गोंड्यामुळे तो काचेवर चढू शकतो. इथे एक इशारा. बिळाला झाकण आहे म्हणून तो झाकणाचाच कोळी, हा नियमही टिकत नाही. माथेरानचा हॅप्लोक्लास्टस व्हॅलिडस टॅरेंटुला असून बिळाला झाकण करतो. बीळ नुसते पाहून आत उंदीर आहे की खेकडा हे सांगणारे कातकरी या भागात आहेत, आणि त्यांच्या नजरेपुढे मी नम्र आहे. तरीही बिळावरून फार तर घरमालकाचे कूळ कळते, जात नव्हे.

वंशाची खूण अंगात असते. किलोब्रॅकिस आणि त्याचे आप्त डिवचले की फुत्कारासारखा आवाज करतात. जेम्स वुड-मेसनने आसामातल्या अशा कोळ्याचे वर्णन १८७० च्या दशकात केले होते. हा आवाज तोंडातून येत नाही. जबडा आणि त्याच्या शेजारचा स्पर्शपादाचा मूळभाग यांच्यामध्ये काठीसारखे जाड केस आणि काटे असतात, ते एकमेकांवर घासतात. भिंगातून हे केस दिसतात, त्यांचा आकार आणि मांडणी मोजता येते. पाठीवरच्या खाचेचा आकार, पायांवरच्या काट्यांची जागा, प्रौढ नराच्या पुढच्या पायावर आकडा आहे की नाही, हे सगळे वंशापर्यंत नेते. अमेरिकन पुस्तक हातात घेऊन ‘पोटावरचे केस उडवतो’ असे लिहिणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे : खाज आणणारे केस झाडणे ही फक्त अमेरिका खंडांतल्या टॅरेंटुलांची विद्या आहे. आपल्याकडच्या एकाही जातीला ती येत नाही.

आणि जात? ती शेवटी दोन अवयवांत असते. मादीच्या पोटात, पुढच्या फुप्फुसांच्या मधल्या भागात, वीर्य साठवण्याच्या दोन लहान पिशव्या असतात. नराच्या स्पर्शपादाच्या टोकाला वीर्य पोचवण्याचा एक कंद असतो. त्यांचे आकार जातीजातीत वेगळे. मोबाइल कितीही महागडा असला तरी बिळाच्या तोंडावरून तो यांपैकी एकही अवयव टिपू शकत नाही. वाद इथे संपायला हरकत नाही.

पण पूर्वपक्षाचा तिसरा, सगळ्यात सुजाण मुद्दा अजून उभा आहे. मग मारायचेच काय? नाही. दयेचा मुद्दा रंगाच्या बाजूने लढतो असे वाटते ते अर्धवट माहितीमुळे. मादी प्रौढ झाल्यावरही कात टाकत राहते, आणि टाकलेल्या कातीत त्या पिशव्यांचे अस्तरही जसेच्या तसे निघून येते. कात ती बिळाबाहेर ढकलते. ती उचलावी, साबणाच्या पाण्यात मऊ करावी, हलकेच उलगडावी आणि भिंगाखाली पाहावी. प्राण्याला स्पर्शही होत नाही. पावसाळ्यात मरून पडलेला भटका नर सापडला तर त्याचा कंद हाच पुरावा. जनुकांसाठी एक पायही पुरतो, आणि तुटलेला पाय पुढच्या कातींबरोबर पुन्हा येतो. दया आणि काटेकोरपणा यांत निवड करायला लावणारा हा वादच खोटा आहे.

उलट, चुकीच्या नावाची किंमत प्राण्यालाच मोजावी लागते. टॅरेंटुलांचा चोरटा व्यापार जगभर चालतो. पेसिलोथेरिया वंश २०१९ मध्ये साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये घातला गेला तो त्यामुळेच. मौल्यवान समजली जाणारी जात अमुक गावाच्या अमुक उतारावर आहे, असे नाव आणि नेमके ठिकाण एकत्र जाहीर करणे म्हणजे फावडे घेऊन येणाऱ्याला पत्ता देणे. मादी १५-२० वर्षे जगू शकते. तिला वयात यायलाच कित्येक वर्षे लागतात. उतारावरच्या चार बिळांतल्या माद्या गेल्या की तो उतार फार काळ रिकामा राहतो.

विषाबद्दल थोडक्यात, कारण त्यात वाद फारसा उरलेला नाही. टॅरेंटुलाच्या चाव्याने माणूस मेल्याचे वैद्यकीय पुराव्याने सिद्ध झालेले उदाहरण नाही. २०१२ मध्ये आसामातल्या सदियात टॅरेंटुलांच्या हल्ल्याची बातमी देशभर गाजली, दोन मृत्यूही त्यांच्या नावावर लागले. कोळी आणि मृत्यू यांचा संबंध मात्र सिद्ध झाला नाही. आपल्याकडच्या टॅरेंटुलांचा चावा दुखतो, सूज येते, आणि पेसिलोथेरियाच्या चाव्यानंतर स्नायूंत पेटके येत राहिल्याच्या नोंदी आहेत. चावला तर दवाखान्यात जावे. बिळात काठी घालू नये, म्हणजे चावतही नाही. ‘अत्यंत विषारी’ हे शब्द छायाचित्राखाली लिहून पायताणाला निमंत्रण मात्र देऊ नये.

राहिला शेवटचा आक्षेप : मग गावातल्या मुलाने काहीच लिहू नये काय? भरपूर लिहावे. कूळ थेराफोसिडी. बिळातला. तोंडाचा व्यास किती, बीळ सपाट जमिनीत की उतारात, झाकण आहे की नाही, रेशीम किती. डिवचल्याशिवाय आवाज केला का? तारीख, पाऊस झाला होता की नाही, झाडी कसली. डोळ्यांच्या उंचवट्याचे एक छायाचित्र, बाजूला मोजपट्टी ठेवून. तालुका रोहा, याहून अधिक ठिकाण जाहीर न करता. यातली प्रत्येक ओळ अभ्यासकाच्या उपयोगाची आहे, आणि लॅटिन नावाच्या एका चुकीच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त. जातीच्या नावाची जागा रिकामी ठेवावी. कात हाती आली की ती भरता येते.